पाच बाया, दोन स्वल्पविराम

उमरेड,
दि. १७ मार्च २०२५

ती. मनोहरमामांस,
मिनलचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

तुमचं पत्र होळीच्या आदल्या दिवशी मिळालं. मामींच्या खुब्याचं हाड जुळून येतंय हे वाचून आईला बरं वाटलं. ती म्हणते, भागीरथावहिनीला सांग, घाई करू नकोस, घरातलं सगळं आता दादाला येतं. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मोबाईलवरची अक्षरं तुम्हाला मुंग्यांसारखी दिसतात, म्हणून सगळं पत्रातच लिहिते. पण गेल्या दोन आठवड्यांत कागद घेऊन बसायलाही उसंत मिळाली नाही.

आमच्या वसतिगृहात ५ मार्चला सकाळचं जेवण बाधलं. अकरा मुली शाळेत उलट्या करायला लागल्या. सलाईन लावावं लागलं, दोन दिवस दवाखान्यात होत्या. आता सगळ्या ठणठणीत आहेत. आदल्या दिवशीची उरलेली डाळ सकाळी गरम करून वाढली होती, असं चौकशीत निघालं. स्वयंपाकाला पाच बाया आहेत. त्यांतल्या सकाळच्या पाळीच्या दोघींनी, शेवंताबाई आणि रुख्मिणीबाईंनी, ती वापरली.

चौकशीचा अहवाल समितीनं मराठीत लिहिला. पण आमच्या संस्थेचं मुख्य कार्यालय बेंगळुरूला, तिथे मराठी कोणाला कळत नाही. सचिव चंद्रभानजी म्हणाले, मिनल, तुझे मामा इंग्रजीचे मास्तर, तूच कर भाषांतर. लिपिकाची नोकरी, त्यातही अकरा महिन्यांच्या करारावरची. नाही म्हणायची सोय नसते. तीन पानं, चार दिवस लागले. शेवटचं वाक्य महत्त्वाचं होतं: ज्या स्वयंपाकिणींनी आदल्या दिवशीची डाळ वापरली, त्यांना कामावरून कमी करावे. मी लिहिलं, 'द कुक्स, हू यूज्ड द प्रीव्हियस डेज डाळ, शुड बी रिमूव्ह्ड.' मोठ्यानं वाचून पाहिलं. वर्गात तुम्ही सांगायचे ना, जिथे श्वास थांबतो तिथे स्वल्पविराम. दोनदा थांबला, दोन दिले. सोबत पाचही स्वयंपाकिणींच्या नावांची यादी जोडायची होती, ती जोडली आणि पाठवून दिलं.

वाक्य बरोबर आहे का ते कळवा. आता अंग मोडून आलंय, झोपते. मामींना नमस्कार.

तुमची माया आहेच, तिला उन्हाळा लागू देऊ नका.
मिनल

•

हुडकेश्वर, नागपूर,
दि. २२ मार्च २०२५

चि. मिनलला,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पावलं. मुली सुखरूप आहेत, हे सगळ्यात आधी वाचलं आणि मग बाकीचं वाचलं. तुझ्या आईला सांग, मला सगळं येत नाही. पोळ्या अजून नकाशासारख्याच होतात. तुझी मामी पलंगावरून सूचना देते, त्या मला ऐकू येत नाहीत, म्हणून ती हातवारे करते, आणि ते मला उलटे समजतात. काल तिनं मीठ कमी टाका म्हटलं, मी दोनदा टाकलं. आमचा अमोल पुण्याहून महिन्यातून एकदा येतो, तेव्हा आम्ही दोघं नीट जेवतो.

तुझं वाक्य दोनदा वाचलं. सुरेख आहे. क्रियापद जागच्या जागी, स्वल्पविराम जागच्या जागी. एकतीस वर्षं घसा कोरडा केला त्यातलं कोणाच्या तरी हाती राहिलं, असं वाटून गेलं. मामीला वाचून दाखवलं तर ती म्हणाली, त्या दोन बायांचं काय झालं असन. बायकांचं लक्ष व्याकरणात कधी नसतंच.

तू तब्येत सांभाळ. कराराची मुदत मेअखेर संपते ना? नव्या कराराचं आतापासून बोलून ठेव.

आमचे आशीर्वाद तुझ्या पाठीशी आहेत, मागायची गरज नाही.
मनोहरमामा

•

उमरेड,
दि. ५ एप्रिल २०२५

ती. मामांस,
शि. सा. नमस्कार.

आज लिहायचं मन नाही, पण सांगायलाही दुसरं कोणी नाही. बेंगळुरूचा हुकूम आला. दोघींना नाही, पाचही जणींना काढलं. चंद्रभानजींनी सोमवारी सगळ्यांना बोलावून कागद हातात दिले. नवीन बाया येईपर्यंत बाहेरून डबे येतात.

त्यात एक कांताबाई आहेत. पाच वर्षांपासून इथे स्वयंपाक करतात. डाळीच्या दिवशी त्या कामावरच नव्हत्या. डोळे तपासायला नागपूरला गेल्या होत्या, रजेचा अर्ज माझ्याच फाइलीत आहे. आणि ऐका, त्यांची नात रोशनी आमच्याच वसतिगृहात आठवीत आहे. त्या अकरा मुलींत तीही होती. कांताबाई नागपूरहून उतरल्या त्या सरळ दवाखान्यात गेल्या, दोन दिवस तिच्या उशाशी बसून होत्या.

परवा त्या आफिसात आल्या. ओरडल्या नाहीत. समोर बसल्या आणि म्हणाल्या, का बाई, मी नव्हतीच तर मले काहून काढलं तेवढं सांगा, मी चालली जातो. बोअरवर पाणी भरताना शेजारीण विचारते म्हणे, आपल्या नातीलेही सोडलं नाई का वं. मी उठून आत गेले. चंद्रभानजींना विचारलं तर ते म्हणाले, अहवालातच तसं आहे, बेंगळुरूवाल्यांनी तुझं इंग्रजी वाचूनच ठरवलं. मी मराठी अहवाल पुन्हा वाचला. त्यात 'ज्या' आणि 'त्यांना' स्वच्छ आहे. माझं इंग्रजी वाचलं, तेही मला तसंच वाटतं. मग पाच कुठून आल्या?

मामा, तुम्ही पहा ना एकदा. मी वाचून वाचून थकले. आता अक्षरं नुसती समोरून जातात.

तुमच्या उत्तराची वाट पाहते.
मिनल

•

हुडकेश्वर,
दि. ९ एप्रिल २०२५

चि. मिनलला,
आशीर्वाद.

हे पत्र लिहायला दोन दिवस घेतले. पाच तुझ्या वाक्यातूनच आल्या. आणि तुझ्या वाक्यात त्या माझ्याकडून आल्या.

तुझं पहिलं पत्र काढलं. वाक्य पुन्हा वाचलं, मला काही दिसलं नाही. मग कपाटावरचं व्याकरणाचं जाड पुस्तक उतरवलं. 'हू' आणि 'विच'ची उपवाक्यं आणि त्यांचे स्वल्पविराम, यावर त्यात चार पानांचं प्रकरण आहे. बोर्डाच्या परीक्षेत ते एका मार्काला येई, तेही एखाद्या वर्षी. म्हणून मी दरवर्षी ते घरी वाचा म्हणून सोडत आलो. खरं सांगतो, मी स्वतःही ते कधी नीट वाचलं नव्हतं.

त्यात लिहिलं आहे ते तुला सोपं करून सांगतो. इंग्रजीत असा तुकडा दोन स्वल्पविरामांमध्ये ठेवला, की तो जादा माहिती होतो. उचलून फेकला तरी वाक्य उभं राहतं. तुझ्या वाक्यातला तुकडा उचलून फेक. काय उरतं? स्वयंपाकिणींना काढावे. कोणत्या? सगळ्या. वर यादीत पाच नावं. त्यांनी पाच काढल्या. स्वल्पविराम दिलेच नसते तर तोच तुकडा निवड करणारा झाला असता, की ज्यांनी वापरली त्याच, बाकीच्या नाही. मला बहीण एकच आहे, म्हणून 'माय सिस्टर' लिहून पुढे स्वल्पविराम, मग 'हू लिव्ह्ज इन उमरेड', मग पुन्हा स्वल्पविराम, हे ठीक. बहिणी तीन असत्या आणि मला उमरेडचीच सांगायची असती, तर स्वल्पविराम काढावे लागले असते.

आपल्या मराठीत हे काम 'जो' आणि 'तो' करतात. चिन्हावर काही अवलंबून नसतं, म्हणून आपल्याला ते दिसतच नाही. वर त्याला नाव ठेवलं स्वल्पविराम, म्हणजे थोडं थांबणं. मी नावावरच गेलो आणि पोरांना श्वास मोजायला लावला. तो नियम पुस्तकात कुठेच नाही. माझ्या मास्तरांनी मला सांगितला, मी तुम्हाला सांगितला.

आणि तू विचारलंस तेव्हाही मी सुरेख म्हणून मोकळा झालो. तेव्हाच पुस्तक काढलं असतं तर दहा दिवस हाताशी होते.

काय करावं ते मला अजून सुचत नाही. चूक माझी आहे, एवढं तू चंद्रभानजींना सांग.
मनोहरमामा

•

उमरेड,
दि. १३ एप्रिल २०२५

ती. मामांस,
नमस्कार.

पत्र आफिसात उघडलं, बरं नाही केलं. वाचून झाल्यावर थोडा वेळ मला तुमचा राग आला. मग वाटलं, सत्त्याऐंशी मुलांच्या वर्गात चार पानं सोडली म्हणून कोणावर रागवायचं. मग नुसताच थकवा आला.

चंद्रभानजींना दाखवलं. त्यांनी ऐकून घेतलं, ते वाईट नाहीत. पण म्हणाले, स्वल्पविरामानं बाया निघतात हे मी कोणाला सांगू? आणि होत असलं तरी खाली सही माझी आहे. जूनमध्ये बेंगळुरूचे लोक वसतिगृह पुढे चालवायचं की नाही ते ठरवणार आहेत. आता भाषांतर चुकलं, हुकूम चुकला, असं लिहिलं तर ते म्हणतील, तुमच्याकडे धड एक कागद होत नाही. दीडशे पोरींचं छप्पर जाईल. कांताबाईला जूननंतर गुपचूप रोजंदारीवर घेऊ, तोवर तू शांत राहा. शेवटी म्हणाले, तुझाही करार मेअखेर आहे, माझ्या हातात काही ठेव.

धमकी नव्हती मामा. त्यांचाच आवाज पडला होता. निवृत्तीला दोन वर्षं राहिली आहेत त्यांची.

आईचं बीपी पुन्हा वाढलं आहे. तिला अजून काही सांगितलं नाही. मला सांगा, गुपचूप रोजंदारीवर घेतलं तर कांताबाईचं काम तर परत मिळेल ना? एवढं पुरेसं नाही का? उद्या जयंती. त्यांच्या वस्तीवरून रॅली निघते. दरवर्षी मला खीर द्यायला येतात. उद्या येऊ नये असं वाटतं, आणि नाही आल्या तर काय, असंही वाटतं.

मिनल

•

हुडकेश्वर,
दि. १८ एप्रिल २०२५

चि. मिनलला,
आशीर्वाद.

तुझा राग योग्य होता, तो लवकर आवरलास. थोडा ठेवायला हवा होता.

बेंगळुरूला लिही असं मी तुला सांगणार नाही. पेन्शन घेणाऱ्या माणसानं करारावरच्या मुलीला धीर शिकवू नये. तुला पटत असेल तर मी स्वतः तिथे लिहितो, की या मुलीला मी शिकवलं, चुकीचं शिकवलं. पत्ता कळव. ते हसतील, हसू देत.

तुझ्या मामीला सगळं सांगितलं, तेव्हा ती उशीला टेकून उठून बसली. मग तिनं पाटी मागवली. आता आमच्यात पाटीचा कारभार आहे, हातवाऱ्यांनी रोज भांडणं होत होती. पाटीवर तिनं लिहिलं: मास्तर, कुठं चुकलं ते तुमी चंद्रभानले सांगता, बंगलोरले सांगता, पोरीले सांगता. जिचं गेलं तिले सांगितलं का?

नव्हतं सांगितलं. त्याच दिवशी कांताबाईंना पत्र टाकलं. काय झालं ते जमेल तितकं सोपं करून लिहिलं, बहिणीचं उदाहरण दिलं, क्षमा मागितली. पत्ता वसतिगृहाचा घातला आहे, तू पोचवून दे. त्यांना वाचता येत नसेल तर वाचून दाखव. तुला जड जाणार हे मला माहीत आहे. तरी दाखव.

मामी काल वॉकर धरून दारापर्यंत गेली. उन्हानं डोळे दिपले म्हणून परत आली.

तुझा मामा

•

उमरेड,
ता. २५ एप्रिल

गुरुजी, जयभीम.

तुमचं पत्र मिनलबाईनं आणून देल्लं. त्या वाचून दाखवतो म्हणत होत्या, पण मी सातवी शिकली आहो, मले वाचता येते. लिहाले वेळ लागते. तीन दिवस थोडं थोडं लिहून राहिली. चुकलं तर समजून घ्या.

तुमी सगळं समजावून सांगितलं. पह्यले समजलं नाई. मग मी माह्या नणंदांवर लावून पाह्यलं. मले तीन नणंदा आहेत, त्यातली एक भांडखोर आहे. भांडखोर नणंद आली म्हटलं का एकच समजाची. अन नणंदा आल्या, भांडखोर आहेत मेल्या, असं म्हटलं का तिघी गेल्या. असंच ना गुरुजी? मंग बरोबर समजली.

तुमी माफी मागितली, माह्या जिवाले बरं वाटलं. आतापर्यंत कोणी चुकलं म्हणून म्हटलंच नाई. समदे म्हणतात वरून आलं. तुमच्यावर माह्या राग नाई. लिहिणाऱ्यानं मुद्दाम केलं नाई, हे मले मिनलबाईचं तोंड पाहूनच समजलं होतं. त्या जयंतीले खीर घेतानी रडल्या.

पण गुरुजी, एक गोष्ट तुमच्या पत्रात नाई, म्हणून मी लिहून राहिली. तुमी लिहिलं, शेवंता अन रुख्मिणी यांनाच काढाचं होतं, तुमी तिघी उगाच गेल्या. तसं नाई ते. आमचा फ्रिज संक्रांतीपासून बंद आहे. आमी पाची जणींनी अर्ज देल्ला होता. उरलेलं ठेवाले जागा नाई, फेकलं तर आफिसातून इचारतात काहून फेकलं. शेवंतानं त्या दिवशी डाळ हुंगून पाह्यली, वास नव्हता, म्हणून गरम केली. माह्या पाळीत असती तर मी बी तेच केलं असतं. रोशनी आजारी पडली ती फ्रिज बंद होता म्हणून पडली. मी तिच्या उशाशी बसली होती तव्हाच मले समजलं होतं, पण तव्हा बोलाची ताकद नव्हती.

मिनलबाई म्हणतात मले गुपचूप परत घेतीन. मी गुपचूप येत नाई. गुपचूप आली तर लोक म्हणतीन हिनंच खाऊ घातलं अन साहेबाचे पाय धरून आली. अन मी आत चूल पेटवू अन त्या दोघी बाहेर, तर भाकर गिळन का मले?

येवढं तुमच्या इंग्रजीत लिहिता येते का ते पाहा. तुमच्या घरच्या बाईले माह्या जयभीम सांगा. त्याइच्या पायाले तिळाचं तेल लावा, कोमट करून.

कांताबाई

•

उमरेड,
दि. २ मे २०२५

ती. मामांस,
शि. सा. नमस्कार.

कांताबाईंचं पत्र तुम्ही परत पाठवलंत, सोबत एक ओळ: फ्रिजचं खरं आहे का? त्या ओळीचं उत्तर द्यायला मला तीन दिवस लागले.

खरं आहे. त्यांचा अर्ज मीच टाइप केला होता, २० जानेवारीला. चंद्रभानजींनी त्यावर 'पाहू' असं लिहिलं आणि तो माझ्याच फाइलीत लागला. अहवालात फ्रिजचा शब्द नव्हता. समितीला कोणी सांगितलंच नसेल, किंवा सांगितलं तरी लिहिलं नसेल. पण मामा, भाषांतर करताना मला तो अर्ज आठवला होता. स्पष्ट आठवला होता. मी स्वतःला म्हटलं, मूळ कागदात नाही ते भाषांतरात कसं घालायचं. तेव्हा ते फार बरोबर वाटलं. खरं तर मला जून दिसत होता, करार दिसत होता.

म्हणजे स्वल्पविराम तुमचा होता, पण गप्प बसणं माझं होतं. महिनाभर सगळं तुमच्या नियमावर ढकलून मला बरं वाटत होतं. तुम्ही माझ्यासाठी बेंगळुरूला लिहू नका. मीच लिहिलं.

तीन कागद पाठवले. मूळ मराठी अहवाल, दुरुस्त इंग्रजी, आणि फ्रिजचा अर्ज भाषांतरासह. सोबत कांताबाईंच्या रजेच्या अर्जाची नक्कल. दुरुस्त वाक्यात एकही स्वल्पविराम नाही, चारदा पाहिलं. पोस्टात टाकण्याआधी पाकीट उघडंच चंद्रभानजींच्या टेबलावर ठेवलं. त्यांच्या मागे काही करायचं नव्हतं मला. त्यांनी सगळं वाचलं. स्वतःच्या अक्षरातल्या त्या 'पाहू'वर त्यांचं बोट बराच वेळ होतं. मग म्हणाले, टाक. आणि म्हणाले, तुझ्या कराराचं मला आता बोलता येणार नाही. मी म्हटलं, समजलं.

घरी येऊन आईला सगळं सांगितलं. तिला वाटलं मी लग्नाचं काहीतरी सांगते आहे, म्हणून ती उठून बसली होती. ऐकून पुन्हा आडवी झाली आणि म्हणाली, बरं केलं, आता जेव.

मामा, मला धन्य वगैरे काही वाटत नाही. पाय दुखतात फक्त.

तुमची,
मिनल

•

हुडकेश्वर,
दि. ९ मे २०२५

चि. मिनलला,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मी मामीला दिलं, तिनं ते उशीखाली ठेवलं आहे. कांताबाईंनी सांगितल्याप्रमाणे तिळाचं तेल चालू केलं. गुण आहे की नाही सांगता येत नाही, पण मामी रोज संध्याकाळी त्या वेळेची वाट पाहते.

तू लिहिलंस, स्वल्पविराम माझा आणि गप्प बसणं तुझं. इतकी सरळ वाटणी होत नाही गं. चार पानं सोडली ती मीही गप्पच बसलो होतो. वर्गात एकदा एका मुलीनं विचारलं होतं, सर, आम्ही मोठ्यानं वाचताना श्वास प्रत्येकाचा वेगवेगळा थांबतो, मग कोणाचा धरायचा? मी तिला खाली बसायला सांगितलं. तिचं नाव आठवत नाही. आठवलं असतं तर तिलाही पत्र टाकलं असतं.

जुन्या विद्यार्थ्यांतले चौघे आता मास्तर आहेत, एक पारशिवनीला, तिघे इकडेच. त्यांचे पत्ते होते. चौघांना ते प्रकरण हातानं उतरवून पाठवलं. एकाचं उत्तर आलं, सर, हे तर मी दरवर्षी शिकवतो, तुम्ही शिकवलं नाही म्हणून मुद्दाम. वाचून हसू आलं आणि लाजही वाटली.

बेंगळुरूहून काही कळलं तर लगेच कळव. नाही कळलं तरी लिही.

आम्ही दोघं तुझ्याच बाजूला आहोत, ऐकू येत नसलं तरी.
मनोहरमामा

•

उमरेड,
दि. २९ जून २०२५

ती. मामांस,
शि. सा. नमस्कार. वि. वि.

मधे दोन ओळींचीच कार्डं टाकली, त्याबद्दल रागवू नका. सांगण्यासारखं होईपर्यंत हात चालत नव्हता. आज सगळं लिहिते.

माझा करार ३१ मेला संपला, नवा झाला नाही. चंद्रभानजींनी स्वतः चहा मागवला, निरोपाचा. त्यानंतर पंधरा दिवस मी घरी फक्त झोपले.

१७ जूनला बेंगळुरूहून हिमानी नावाच्या बाई आल्या. माझ्याच वयाच्या असतील. हिंदीत बोलायच्या. त्यांनी पाचही बायांना बोलावलं, मलाही घरून बोलावणं आलं. आधी स्वयंपाकघरात जाऊन फ्रिज उघडून पाहिला. आत चिंध्या आणि खराटा ठेवला होता. ते सगळं त्यांनी स्वतः बाहेर काढलं. मग एकेकीला विचारलं. शेवंताबाई आल्याच नव्हत्या, त्या पारशिवनीला भावाकडे गेल्या आहेत आणि परत येणार नाही म्हणून निरोप पाठवला होता. तिथे कोणी ओळखत नाही, बरं आहे म्हणे. रुख्मिणीबाई रडत होत्या, त्यांचं काही ऐकूच गेलं नाही. कांताबाईंनी मात्र शेवंताबाईंच्या वाट्याचंही सांगितलं, डाळ हुंगल्यापासून.

हिमानीबाईंनी मला एवढंच विचारलं, की अर्ज माहीत असून तुम्ही तेव्हा का लिहिलं नाही. मी म्हटलं, भीती वाटली. त्यांनी लिहून घेतलं.

परवा निकाल आला. पाचही जणींचा हुकूम मागे घेतला. वसतिगृह चालू राहणार. नवा फ्रिज आला आहे, त्याचा पत्रा असा चकचकीत की मुली त्यात वेण्या पाहतात. चंद्रभानजींना ताकीद मिळाली. माझ्याबद्दल कागदात काहीच नाही, चांगलंही नाही आणि वाईटही नाही. एका शिकवणी वर्गात काम मिळतंय, सध्या तेच पाहते आहे.

काल मुली गावांहून परतल्या, म्हणून काल संध्याकाळी बायांना हुकूम द्यायचे होते. तेही इंग्रजीतच आले होते. कांताबाईंनी कागद हातात घेतला, उलटापालटा करून पाहिला आणि म्हणाल्या, याच्यात काय लिहिलं ते मराठीत लिहून द्या, मंग सही करीन. अन ते जेवणाच्या खोलीच्या दाराले लावा, पोट्ट्याइले अन त्याइच्या मायबापाले वाचता आलं पाह्यजे. चंद्रभानजींनी माझ्याकडे माणूस पाठवला. मी आता तिथली कोणी नाही, तरी गेले.

मामा, आफिसात तोच टेबल, तीच खुर्ची. इंग्रजी हुकूम समोर ठेवला. त्यातही 'द कुक्स', त्यातही 'हू', दोन स्वल्पविराम. या वेळी हुकूम पाचही जणींचा, म्हणून ते बरोबर होते, तपासले. पण मला ते वाक्य मराठीत आणायची इच्छाच झाली नाही. 'ज्या स्वयंपाकिणींना' एवढं लिहिलं आणि खोडलं. मग एकाखाली एक नावं लिहिली. कांताबाई देवराव मेश्राम. शेवंताबाई चिंधूजी वाघाडे. रुख्मिणी, मयुरा, दामिनी, सगळ्यांची पूर्ण नावं. आणि खाली: या पाच जणींचा ५ मार्चच्या प्रकरणात दोष नव्हता. फ्रिज बंद होता, आणि त्यांनी तसं २० जानेवारीला लेखी कळवलं होतं.

चंद्रभानजी म्हणाले, मूळ हुकुमात एवढं नाही. मी म्हटलं, नाही. त्यांनी पेन काढलं आणि सही केली.

कांताबाईंनी तो कागद उभ्यानंच वाचला, बोट फिरवत, शेवंताबाईंच्या नावापाशी थांबून. मग पदर खोचून आत गेल्या. मुलींच्या जेवणाची वेळ झाली होती.

तुमची माया आणि मामींची पाटी, दोन्ही असंच चालू राहू दे.
तुमची,
मिनल